बिनघामाची माणसं

माझ्या आजोबांची मामाबद्दल एकच तक्रार होती. ह्या पोरानं जन्मात घामाचा एक थेंब गाळला नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तक्रार अक्षरशः खरी होती. पण ती अक्षरशः खरी आहे हे घरात कुणाच्या लक्षात यायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली, आणि तोवर आजोबा वारले होते.

मामा म्हणजे माझ्या मायचा थोरला भाऊ. बीदरकडच्या औराद तालुक्यातल्या चिंताकीत त्यांचं घर. पूर्वी घरात मेंढरं होती. आजोबांच्या काळात ती संपली आणि थोडी तूर-ज्वारीची जमीन न् म्हशी उरल्या. मामा दिसायला वेगळा होता. डोक्यावर केस विरळ, भुरे, लहान बाळाचे असतात तसे. कपाळ पुढं आलेलं, कातडी कोरडी. तोंडात वर दोनच दात, दोन्ही टोकदार. खालचं बोळकं. भाकरी तो दुधात नाहीतर वरणात कुस्करून खायचा आणि आम्हा भाच्यांच्या आधी जेवून उठायचा.

मामा चौदा वर्षांचा असताना आजोबांनी त्याला चैत्रात तुरीची धसकटं वेचायला शेतात नेलं. ऊन चढल्यावर तो काम टाकून विहिरीकडं निघून गेला. आजोबांनी त्याला तिथून ओढत आणलं, चाबकानं मारलं आणि परत कामाला लावलं. तासाभरात तो शेतातच पडला. अंग भट्टीसारखं, डोळे फिरलेले. बाहेरचं झालंय असं सगळ्यांचं मत पडलं. देवऋषी आला. त्यानं आधी विहिरीचं सात घागरी पाणी पोराच्या अंगावर ओतायला लावलं आणि मग लिंबू कापलं. पोरगं उठून बसलं. श्रेय लिंबाला गेलं. त्या देवऋषीकडं पुढं तेलंगणातनंसुद्धा लोक यायला लागले.

त्यानंतर मामानं आपलं आयुष्य आपणच बसवून घेतलं. शेतातलं काम पहाटे, ऊन तापायच्या आत. मग म्हशी घेऊन ओढ्यावर. म्हैस दुपारी डोहात जाऊन बसते, फक्त नाक न् डोळे वर ठेवते. मामाही तसाच बसायचा. उन्हाळ्यात ओढा आटला की विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात. अंगात नेहमी ओलं बनियन, डोक्यावर ओला टॉवेल. गावात त्याला म्हशीचा पाव्हणा म्हणायचे. लग्नाची दोन स्थळं आली होती. दोघांनीही त्याला एकदा बघितलं आणि पुन्हा निरोप पाठवला नाही.

सुट्टीत आम्ही पोरं त्याच्याबरोबर हौदात बसायचो. मामा पाण्यात का बसतो असा प्रश्न मला कधी पडला नाही. मामा पाण्यात बसतो, हे म्हैस दूध देते यासारखंच होतं. बारावीला मी सायन्स घेतलं होतं. आनुवंशिकतेच्या धड्यातला उंच वाटाणा, बुटका वाटाणा, गोल दाणा, सुरकुतलेला दाणा, सगळं पाठ करून लिहिलं आणि मार्क मिळवले. माझे स्वतःचे खालचे दोन दात कधी आलेच नव्हते, आणि वरच्या सुळ्यांशेजारचे दोन मामासारखेच टोकदार होते. त्याचा वाटाण्याशी काही संबंध असेल असं वाटलं नाही. बघायला पाहुणे आले तेव्हा मायनं एवढंच बजावलं, की हसायचं तर तोंड मिटून हस.

मी मिटून हसले आणि मन्नाएखेळ्ळीला दिली गेले. नवऱ्याचं हायवेला टायर-पंक्चरचं दुकान. दुकानामागं घर, वर पत्रा. घरात नवरा, सासू आणि मी. मी ब्लाऊज शिवायला घेत होते. तीन वर्षांनी कार्तिकात मुलगा झाला. वजन चांगलं, रडणं चांगलं. डोक्यावर केस जवळजवळ नव्हते, पण बाळांना नसतातच, असं सगळ्या म्हणाल्या.

हिवाळा नीट गेला. शिवरात्र झाली आणि त्याला ताप यायला लागला. दुपारी बारानंतर चढायचा, एकशे दोन, एकशे तीन, आणि पहाटेपर्यंत आपोआप उतरायचा. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं. बीदरला नेलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, काही निघालं नाही. दवाखान्यात ठेवून घेतलं. तिथं एसी होता. पहिल्याच दिवशी ताप गेला आणि तीन दिवस फिरकला नाही. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एकशे तीन.

असं त्या उन्हाळ्यात तीनदा झालं. दवाखान्यात ताप नाही, घरी ताप. डॉक्टरांना आमच्या घराचा संशय आला. पाणी उकळून प्यायला सांगितलं. नवऱ्यानं घराला चुना दिला, गटारीवर पावडर टाकली. सासूला शेजारणीचा संशय आला. तिनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. ताप आला की ती खिडक्या बंद करायची, ओव्याची धुरी द्यायची आणि बाळाला आपल्या बापाच्या जुन्या घोंगड्यात गुंडाळायची. तापलेल्या लेकराला वारं लागू नये, हे तिनं तिच्या चारही लेकरांत पाळलं होतं आणि चारही जगली होती. तिच्या बाजूनं पुरावा भक्कम होता.

पाऊस पडला आणि ताप गेला. पोरगं रांगायला लागलं तशी त्याची एक सवय दिसली. ते सरळ न्हाणीत जायचं आणि ओल्या शहाबादी फरशीवर गाल टेकून पडायचं. उचलून आणलं की पुन्हा तिकडंच. न्हाणीचं दार लावलं तर पाण्याच्या माठाला पोट लावून उभं राहायचं. सासू म्हणायची, हट्टी आहे, बापावर गेलाय. दीड वर्षाचा झाला तरी तोंडात दात नव्हता. उशिरा दात येणारं लेकरू नशीबवान असतं, असं तीच म्हणायची. मी घोंगड्याबद्दलही काही बोलले नाही आणि दातांबद्दलही. मामाला मी लहानपणापासून बघत होते. घरात रोज दिसणारी गोष्ट दुसरीकडं दिसली की ओळखू येते असं लोकांना वाटतं. मला आली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात वैशाखात चिंताकीला चुलतभावाचं लग्न निघालं. नवरा दुकान सोडून दुसऱ्या दिवशी येणार होता. मी आणि सासू बाळाला घेऊन सकाळी निघालो. बीदरला गाडी उशिरा लागली. औरादला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. बसच्या खिडकीतनं येणारं वारं तव्यावरून आल्यासारखं होतं. औरादहून पुढं जीपमध्ये बाळ आधी किरकिरलं, मग गप्प झालं. तोंड लाल, अंग चटका बसावा असं. सासूनं त्याला पदराखाली घेतलं. चिंताकीत उतरलो तेव्हा मान एका बाजूला पडत होती आणि हाक मारली तर डोळे उघडत नव्हते.

मामा नुकताच हौदातनं वर आला होता. अंगावरनं पाणी गळत होतं. त्यानं माझ्या हातातनं बाळ घेतलं. आधी काखेत हात घातला, मग मानेमागं. मग बोट तोंडात घालून वरच्या-खालच्या हिरड्या चाचपल्या. डोक्यावरनं एकदा हात फिरवला. हे सगळं त्यानं म्हैस विकत घेताना बघतात तितक्या शांतपणे केलं.

"ह्येला ताप आलेला न्हाई," तो म्हणाला. "पोरगं तापलंय."

एवढं बोलून तो बाळाला घेऊन कपड्यानिशी हौदात उतरला.

सासूनं त्याच्या ओल्या बाहीला धरलं. तापातलं लेकरू पाण्यात घालतो, मारतो की काय, असं काहीतरी ती आधी मराठीत आणि मग कानडीत बोलली. मामानं वाद घातला नाही. बाही सोडवून घेतली आणि छातीपर्यंत पाण्यात जाऊन बसला. बाळाला मांडीवर घेतलं, मान हातावर ठेवली आणि ओंजळीनं डोक्यावर पाणी सोडत राहिला. लग्नाची माणसं जमली. कुणी म्हणालं काढा त्याला, कुणी म्हणालं गाडी बोलवा. मी हौदाच्या कडेला बसून राहिले. मामा घाबरलेला नव्हता, एवढंच दिसत होतं, आणि मी त्यालाच धरून होते.

थोड्या वेळानं बाळानं डोळे उघडले. मग हात पाण्यावर आपटला. मग मामानं खाली बघितलं.

"मुतलं," तो म्हणाला. "आता काय न्हाई होत."

पिशवीत थर्मामीटर होता. जीपमध्ये लावला तेव्हा एकशे चारच्या वर होता, तासाभरानं शंभर. औषधाचा थेंब पोटात गेला नव्हता. सासूनं थर्मामीटर माझ्या हातातनं घेऊन स्वतः बघितला, झटकला आणि पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या वेळी त्याहून जरा कमीच आला.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं मामाला विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

"मला कळायला काय," मामा म्हणाला. "मी जन्मभर हेच करायलोय."

दुसऱ्या दिवशी नवरा आला. त्याला सगळं सांगितलं. तो लग्नात अक्षता टाकायच्या सोडून मामाजवळ बसून राहिला आणि काय काय होतं ते विचारत राहिला. परतताना बाळाच्या बीदरच्या डॉक्टरांकडं गेलो. मी मामाबद्दल सांगायला लागले. विरळ केस, दोन दात, दुपारभर पाण्यात. डॉक्टरांनी लिहायचं थांबवून पेन खाली ठेवलं. ह्याला घाम येतो का, असं त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. येत नाही, असं आम्ही पहिल्यांदाच सांगितलं. दोन्हीकडची चूक सारखीच होती. त्यांनी कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी दिली आणि जमलं तर माझ्या मायला आणि मामालाही घेऊन जा म्हणाले.

ठरल्या दिवशी नवरा, सासू आणि मी बाळाला घेऊन कलबुर्गीला गेलो. मामा चिंताकीहून पहिल्या गाडीनं आला, ऊन व्हायच्या आत निघून. डोक्यावर ओला टॉवेल आणि हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन. माय त्याच्याबरोबर होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कानडीत आणि दखनी उर्दूत मिळून बोलायच्या. त्यांनी बाळ तपासलं, मग मामाकडं बघितलं आणि बाहेर जाऊन आठ-दहा शिकाऊ मुलामुलींना घेऊन आल्या. मामानं सगळ्यांना ओळीनं तोंड उघडून दाखवलं. एका मुलीनं हात लावू का विचारलं. लाव की, तो म्हणाला, चावायला दात कुठं हायत.

बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. मला जे कळलं ते असं. माणसाच्या कातडीत गरम-थंड ओळखणाऱ्या नसा असतात. त्या नसांच्या टोकावर प्रथिनांची इतकी बारीक दारं असतात की डोळ्याला दिसत नाहीत. ठरावीक गरमीला ठरावीक दार उघडतं आणि वर मेंदूला निरोप जातो. मेंदू हुकूम सोडतो, घाम काढा. बाळाची दारं चांगली होती. मेंदू चांगला होता, हुकूमही सुटत होता. पण ज्यांना हुकूम सुटत होता त्या घामाच्या ग्रंथी कातडीत नव्हत्याच. आईच्या पोटात असताना कातडीला एक सूचना मिळते: इथं केस काढ, इथं दात काढ, इथं घामाची ग्रंथी काढ. तिन्ही कामांची सूचना एकच. त्या सूचनेत अक्षर चुकलेलं होतं. म्हणून केस विरळ, दात नाहीत आणि घाम नाही.

मी शिवणाऱ्या बाईच्या डोक्यानं ऐकत होते. कागदाचा नमुना चुकीचा कापलेला असला तर शिलाई कितीही चांगली असो, बाही बसायची नाही. हे मला लगेच पटलं.

मग न्हाणीचं विचारलं. बाई म्हणाल्या, तो हट्टीपणा नव्हे. गरम झालंय हे त्याला आपल्यासारखंच कळतं. शरीराला आतून काही करता येत नाही, म्हणून ते बाहेरून करायला लावतं. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं. म्हशीला घाम गाईपेक्षा कमी येतो आणि काळी कातडी ऊन जास्त खाते, म्हणून ती पाण्यात जाते. तिला कुणी शिकवत नाही. बाळाला पण कुणी शिकवलं नव्हतं.

मामा हे लक्ष देऊन ऐकत होता. म्हशीचं निघालं तेव्हा त्यानं मान डोलावली. त्याच्या ओळखीचा विषय होता.

मग बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन पुरुष, गोल बाया. माझी आजी, तिच्याखाली मामा आणि माय, मायच्या खाली मी, माझ्याखाली बाळ. मामाचा आणि बाळाचा चौकोन पूर्ण काळा केला. आम्हा बायांच्या गोलात मधोमध एकेक ठिपका. ही सूचना बाईकडं दोन प्रतींत असते, पुरुषाकडं एकच प्रत असते आणि ती आईकडून येते. बाईची एक प्रत बिघडली तर दुसरी सांभाळून घेते, पुरती नाही, पण बरीचशी. माझे टोकदार दात त्या बरीचशीतले होते.

सासू कागदाकडं बघत होती. "म्हणजे हे तुमच्याकडून आलंय," ती मला म्हणाली.

मी व्हय म्हणाले. कागदावर तसंच होतं.

बाईंना माझी आणि मायची पाठ तपासायची होती. पडद्याआड नेलं. पाठीला आयोडीन फासलं, वाळू दिलं आणि वर पांढरं पीठ भुरभुरवलं. मग पंखा नसलेल्या एका खोलीत उन्हाच्या खिडकीशी बसवलं. जिथं घाम येईल तिथं पीठ निळं-काळं पडणार होतं. माय आयुष्यात पहिल्यांदा परक्या बाईपुढं पाठ उघडी टाकून, भिंतीकडं तोंड करून बसली होती. अर्ध्या तासानं बाईंनी मोबाईलवर फोटो काढून दाखवले. माझ्या पाठीवर मणक्यापासून दोन्ही बाजूंना काळे न् पांढरे पट्टे वळसे घेत गेले होते. मायच्या पाठीवरचे पांढरे पट्टे माझ्याहून रुंद होते. चांगल्या प्रतीवर चालणारी कातडी काळी झाली होती, बिघडलेल्या प्रतीवर चालणारी पांढरीच राहिली होती.

मायनं फोटो बराच वेळ बघितला.

"मी सांगत होते की," ती म्हणाली. "मला पट्ट्यापट्ट्यानं घाम येतो म्हणून."

हे खरं होतं. ती आम्हाला लहानपणापासून सांगायची, की माझी एक बाजू भिजते न् एक बाजू जळते. माझे वडील म्हणायचे, बायकांचं काहीतरी असतंच. मीही म्हटलं होतं. मायनं बाईंना फोटो कुणाला दाखवू नका म्हणून सांगितलं, आणि थोड्या वेळानं मला म्हणाली, तुझ्या फोनमध्ये घेऊन ठेव.

शेवटी बाईंनी विचारलं, आणखी काही विचारायचं आहे का. नवऱ्यानं औषध विचारलं. ह्याला औषध नाही, पाणी आणि सावली हेच औषध, असं त्या म्हणाल्या. दात पुढं बसवता येतील. कवळी लहान मुलांचीही असते. मग मामानं कधी नव्हे तो घसा साफ केला.

"बाई, म्हणजे मी आळशी न्हाई म्हणायचं का?"

बाईंना प्रश्न समजला नाही. मी कानडीत सांगितला. त्या हसल्या नाहीत. नाही, म्हणाल्या, तुम्ही उन्हात काम करत राहिला असता तर मेला असता. मामानं विचारलं, हे कागदावर लिहून मिळंल का. त्यांनी इंग्रजीत लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. मामानं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, ओल्या बनियनच्या आत ठेवता येईना म्हणून मायकडं दिला.

बाहेर व्हरांड्यात गाडीची वाट बघत बसलो होतो. मायच्या मांडीवर ती पिशवी होती. तिनं अचानक सांगायला सुरुवात केली. त्या चैत्रात, धसकटं वेचायच्या दिवशी, ती आठ वर्षांची होती. मामा विहिरीच्या मागं सावलीत बसलाय, हे आजोबांना तिनं दाखवलं होतं. आजोबांनी विचारलं नव्हतं. आपण होऊन जाऊन सांगितलं होतं, कारण ती स्वतः उन्हात वेचत होती आणि तो बसला होता. त्यानंतरचं सगळं तिनं बांधावरनं बघितलं होतं. एवढ्या वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मामानं कॅनमधलं पाणी टॉवेलवर ओतलं, पिळला, डोक्यावर ठेवला.

"तू सांगितलीस म्हणून न्हाई मारलं," तो म्हणाला. "त्येला ठावं होतं की मी तिथं हाय. दुसरीकडं कुठं गेलो असतो?"

माय पदरानं डोळे पुसत राहिली. मामानं तिलाही एक पेला पाणी दिलं. मग तिघाचौघांनी एकेक केळ खाल्लं, आणि गाडी आली.

गावात जाऊन मामानं तो कागद चहाच्या हॉटेलात दाखवला. इंग्रजी कुणाला येईना. शाळेतल्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी वाचून मराठीत सांगितलं: ह्या माणसाला जन्मतः घाम येत नाही, उन्हात काम करणं त्याच्या जिवाला धोक्याचं आहे. ऐकणारे म्हणाले, हे आम्हाला ठाऊकच होतं. मामानं कागदाची घडी घातली, चहा संपवला आणि म्हशींकडं गेला.

आमच्या घरी काय काय बदललं ते सांगते. नवऱ्यानं पत्र्यावर कडब्याचा थर अंथरला आणि कूलर आणला. मी पातळ सुती कापडाची दुहेरी बंडी शिवली. भिजवली की तासभर ओल धरते. अशा सहा बंड्या शिवल्या. घोंगडं सासूनं स्वतः धुवून गाठोड्यात बांधलं. शेजारणी विचारायला आल्या तेव्हा ती सरळ म्हणाली, सुनेकडून आलंय, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलंय. मला ते लागलं. पण बंडी वाळली की नाही हे बघायला दर अर्ध्या तासाला तीच उठायची. एकदा मी शिवणाच्या नादात विसरले, तेव्हा दुकानातनं नवऱ्याला बोलावून आणून त्याच्यासमोर तिनं मला झापलं. त्या दिवसापासून मला तिचं ते वाक्य लागेनासं झालं. खोटं तर ते नव्हतंच.

दुसऱ्या मुलाचं आम्ही बरीच वर्षं टाळलं. बाईंनी सांगितलं होतं, मुलगा झाला तर असा होण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर तिच्यात ठिपका असण्याची निम्मी. नवरा म्हणायचा, निम्मं म्हणजे किती ते लेकरू झाल्यावरच कळतं. मग आम्हाला मुलगी झाली. ती आता चार वर्षांची आहे. दात सगळे आलेत. ठिपका आहे की नाही माहीत नाही. तिची पाठ तपासायची का, असं आम्ही विचारलं होतं. बाई म्हणाल्या, मोठी झाली की तिला विचारा, पाठ तिची आहे. सासूला हे उत्तर पटलं नाही. मला पटलं.

मुलगा आता दहा वर्षांचा आहे आणि गावातल्याच कानडी शाळेत जातो. वरची कवळी बसवलीय. ती दप्तरात काढून ठेवतो आणि डब्याच्या वेळी लावतो. गेल्या मार्चमध्ये शाळेतून निरोप आला, या. मी गेले. वर्गबाई नव्या होत्या. दुपारी कवायतीची रांग उभी असताना हा न विचारता रांग सोडून नळावर गेला, शर्ट भिजवून घातला आणि परत येऊन आपल्या जागी उभा राहिला, अशी तक्रार होती. मी माफी मागायच्या बेतात होते. पण बाई आधी त्याच्याशीच बोलत होत्या, म्हणून गप्प बसले.

रांग सोडायला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही, तो म्हणाला, मला आतून कळतं. मग त्यानं घामाच्या ग्रंथींचं सगळं कानडीत सांगितलं, न अडखळता, मी त्याला सांगितलं होतं त्याहूनही जास्त. बहुतेक मामाकडून ऐकलं असावं, कारण त्यात म्हशी बऱ्याच होत्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि नियम करून दिला: ह्यानं नळावर जायला विचारायचं नाही, फक्त मॉनिटरला सांगून जायचं. त्याला तो मान्य झाला.

आठवड्याभरात वर्गातली निम्मी मुलं मॉनिटरला सांगून नळावर जायला लागली. बाईंनी दुसरा नियम केला, की ज्यांना घाम येतो त्यांनी शर्ट भिजवायचा नाही. त्यावर मुलांनी बाईंकडून घाम तपासून घ्यायला सुरुवात केली. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत वर्गाची बाकं ओलीच होती.